सविकल्प समाधी आणि विकल्पांचा खेळ

१

कथेतील पात्राने आता काय बोलावे, असे कथाच वाचकाला विचारू लागली, तर आस्वादाच्या प्रक्रियेत नेमका कोणता बदल होतो? हा प्रश्न व्हिडिओ गेम या प्रकारातील काही कृतींनी गेल्या दोन दशकांत ठळकपणे पुढे आणला आहे. आपल्याकडे या प्रकाराची चर्चा बहुधा मुलांच्या व्यसनाची चर्चा म्हणून होते आणि तेथेच संपते. साहित्याच्या अभ्यासकाने तिच्यात लक्ष घालावे असे त्यात काही आहे, हे गृहीत धरले जात नाही. प्रस्तुत लेखात एका विनोदी, भागशः प्रसिद्ध झालेल्या आणि निवडीवर चालणाऱ्या साहसखेळाचा आस्वाद हा अभ्यासविषय मानला आहे. त्या आस्वादाचे स्वरूप समजून घेण्यासाठी मराठी साहित्यविचारातील एक जुनी संकल्पना उपयोगी पडते, आणि तो खेळही उलटपक्षी त्या संकल्पनेची एक मर्यादा दाखवून देतो, असे येथे मांडावयाचे आहे.

‘टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स’ हा तो खेळ. कॅलिफोर्नियातील ‘टेलटेल गेम्स’ या संस्थेने तो नोव्हेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१५ या काळात पाच भागांत प्रसिद्ध केला. ही संस्था २००४मध्ये स्थापन झाली होती. ‘सॅम अँड मॅक्स’, ‘टेल्स ऑफ मंकी आयलंड’ यांसारखे विनोदी खेळ तिने भागशः काढले आणि २०१२मधील ‘द वॉकिंग डेड’ या गंभीर खेळाने तिला मोठी कीर्ती मिळाली. एक भाग संपवून पुढील भागासाठी महिनोन्महिने थांबावयाचे, ही तिची रीत. प्रस्तुत खेळाच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागात जवळजवळ चार महिन्यांचे अंतर होते. १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून हरिभाऊंची कादंबरी क्रमशः वाचणाऱ्या वाचकाला ही प्रतीक्षा अपरिचित वाटली नसती.

या खेळाची कार्यपद्धती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पडद्यावर दृश्य चालू असते. संभाषण एखाद्या वळणावर आले की खाली तीन-चार उत्तरे दिसतात आणि एक रेषा झपाट्याने आखूड होत जाते. ती संपण्यापूर्वी एक उत्तर निवडावयाचे. काहीच न निवडल्यास मौन हेच उत्तर मानले जाते. काही उत्तरांनंतर, अमुक पात्र हे लक्षात ठेवील, अशी सूचना झळकते. भागाच्या अखेरीस इतर खेळणाऱ्यांनी काय निवडले याचे प्रमाण दाखविले जाते.

२

अशा खेळांवर सामान्यतः एक आक्षेप घेतला जातो. निवड दिल्याचा केवळ आभास निर्माण केला जातो. काहीही निवडले तरी कथा ठरलेल्या ठिकाणीच जाते. म्हणून ही फसवणूक आहे, असा तो आक्षेप. वस्तुस्थिती म्हणून तो बराचसा खरा आहे. या खेळाचा एक नायक ऱ्हीस हा ‘हायपेरियन’ नावाच्या बलाढ्य कंपनीतील अधिकारी. त्या कंपनीचा मृत अधिपती हँडसम जॅक ऱ्हीसच्या मेंदूतील यंत्रात भुतासारखा वास करू लागतो. चौथ्या भागाच्या शेवटी जॅक त्याला कंपनीचे सिंहासन देऊ करतो. ते स्वीकारावे की नाकारावे हे आपण ठरवावयाचे. पुढचा भाग येईपर्यंत खेळणारा या निर्णयाचे ओझे वाहत राहतो. पाचवा भाग सुरू झाल्यावर मात्र असे दिसते की, होकार दिला काय किंवा नकार दिला काय, जॅक उलटतोच आणि ऱ्हीसला जीव घेऊन पळावेच लागते. त्याच चौथ्या भागात स्कूटर नावाचा प्रेमळ मेकॅनिक अंतराळयानाच्या दुरुस्तीत हात अडकून मरतो. त्याला वाचविणारे उत्तर कोणत्याच यादीत नाही.

निवडीचे मूल्य कथानकाच्या बदलावरून मोजले, तर हा खेळ अनुत्तीर्ण ठरेल. परंतु प्रत्यक्ष अनुभव असा की, या निवडी करताना मनुष्य गुंततो, संकोचतो, स्वतःशीच हसतो आणि कित्येकदा केल्या निवडीबद्दल त्याला ओशाळे वाटते. परिणामशून्य कृतीने हे कसे घडावे? येथे न. चिं. केळकर यांनी मांडलेल्या ‘सविकल्प समाधी’च्या कल्पनेचे स्मरण होते. १९२१मध्ये केळकर बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि त्या व्यासपीठाशी ही कल्पना कायमची जोडली गेली आहे. योगशास्त्रातील निर्विकल्प समाधीत साधकाचे वेगळेपण विरून जाते. वाङ्मयाच्या वाचकाचे तसे होत नाही. तो दुसऱ्याच्या जीवनात शिरतो, पण स्वतःचे भान पूर्णपणे टाकत नाही. आपण आपणच राहून दुसरे होण्यातला जो दुहेरी अनुभव, तो केळकरांच्या मते वाङ्मयीन आनंदाचे मूळ आहे.

‘विकल्प’ या शब्दाला संस्कृतात भेद, संशय आणि पर्याय असे तिन्ही अर्थ आहेत. केळकरांना प्रामुख्याने भेद अभिप्रेत होता: मी आणि पात्र यांच्यातील भेद. निवडीच्या खेळात हा भेद पर्यायाच्या रूपाने पडद्यावर दृश्यमान होतो. कादंबरी वाचताना नायक बोलतो तेव्हा मी त्याच्याशी किती सहमत आहे हे माझ्या मनात अस्फुट राहते. येथे मात्र नायकाच्या तोंडी घालण्याजोगी चार वाक्ये माझ्यासमोर येतात. त्यांपैकी एक मी निवडतो त्या क्षणी ‘तो’ आणि ‘मी’ यांच्यातील अंतर मला मोजावेच लागते. मी भित्रे उत्तर देतो ते ऱ्हीस भित्रा आहे म्हणून, की मला त्याची फजिती पाहावयाची आहे म्हणून? या प्रश्नाचे निश्चित उत्तर नसणे हाच आस्वादाचा गाभा आहे. कथेचा शेवट कोठे होतो याच्याशी त्याचा संबंध अल्प आहे. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात, अशा संहितांमधून वाट काढण्यासाठी वाचकाला नेहमीच्या वाचनापेक्षा वेगळे श्रम करावे लागतात, हा मुद्दा मांडला. तो मान्य करून असे म्हणता येईल की, प्रस्तुत खेळातले श्रम हे वाट काढण्याचे कमी आणि भूमिका तोलण्याचे अधिक आहेत. भिवंडीकराला परिचित असलेल्या मागाच्या भाषेत सांगावयाचे तर ताणा आधीच भरलेला आहे. आपल्या हाती येतो तो बाणा. कापडाची लांबी-रुंदी त्याने बदलत नाही, परंतु पोत बदलतो.

३

हा पोत प्रामुख्याने विनोदाचा आहे आणि विनोदाची घडण निवेदनतंत्रात आहे. खेळाच्या प्रारंभी ऱ्हीसला एक मुखवटाधारी अनोळखी इसम बंदुकीच्या धाकाने पकडतो. पुढे फिओना ही ठकसेन तरुणीही त्याच्या हाती लागते. दोघांनी घडलेली सारी हकीकत पहिल्यापासून सांगावी, अशी त्याची मागणी आहे. आपण जे खेळतो ते म्हणजे या दोघांनी त्याला सांगितलेली आणि एकमेकांची खोडून काढलेली गोष्ट. कधी ऱ्हीस सांगतो, कधी फिओना. दोघेही स्वतःला सोयीचे तेवढे फुगवून सांगतात. अविश्वसनीय निवेदकाची चर्चा आपण कादंबरीच्या संदर्भात पुष्कळ केली आहे. येथील विशेष असा की, निवेदकाच्या थापेत वाचकाचा हात असतो. जे उत्तर मी निवडले ते ‘घडले’ असे नसून, ऱ्हीसने ‘असे घडले’ म्हणून सांगितले, एवढेच खरे. कथानकावर माझी सत्ता नाही या तक्रारीला खेळाच्या रचनेतच उत्तर आहे. घटना होऊन गेलेल्या आहेत. सत्ता आहे ती सांगण्यावर.

मराठी प्रेक्षकाला ही वाटणी मुळीच नवी नाही. गण, गवळण, बतावणी आणि वग या तमाशाच्या क्रमात वगाचे कथानक साधारणतः ठरलेले असते. रंगत येते ती सोंगाड्याच्या तत्कालीन उत्तरांनी. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५मध्ये रंगभूमीवर आलेल्या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी हवालदाराच्या भूमिकेत संहितेबाहेरच्या ताज्या कोट्यांनी प्रयोगागणिक जी भर घातली, ती या परंपरेचेच नागर रूप होते. कालचा आणि आजचा प्रयोग यांचा शेवट एकच असतो म्हणून प्रेक्षक फसविला गेला, असे कोणी म्हणत नाही. प्रस्तुत खेळात सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाची जागा खेळणाऱ्याला देऊ केली आहे. अर्थात चार छापील उत्तरांतून निवड करणे म्हणजे हजरजबाबीपणा नव्हे. खेळणाऱ्याचे स्थान सोंगाड्यापेक्षा, कथेकऱ्यापुढे बसून योग्य जागी हुंकार भरणाऱ्या श्रोत्याच्या अधिक जवळ आहे. हुंकाराने गोष्ट बदलत नाही. परंतु तो न आल्यास गोष्ट अडते आणि तो कोणत्या सुरात आला यावर सांगणाऱ्याचा पुढचा सूर ठरतो. वेताळपंचविशीत तर श्रोत्याचे बोलणे हाच कथेचा पेच आहे: राजाने मौन मोडले की प्रेत पुन्हा झाडावर. या खेळानेही मौनाला उत्तराचा दर्जा दिला आहे आणि अनेक प्रसंगी तेच सर्वांत विनोदी उत्तर ठरते.

सविकल्प समाधी आणि हास्य यांचा संबंध या खेळातील एका प्रसंगात फार स्वच्छ दिसतो. चौथ्या भागात ऱ्हीस वरिष्ठाचे सोंग घेऊन कंपनीच्या हिशेबनीस विभागात शिरतो. तेथे एकाएकी हिशेबनिसांची लढाई जुंपते. शस्त्र एकच: अंगठा वर आणि तर्जनी पुढे करून केलेली बोटांची बंदूक. कोणी मेजाआडून ‘गोळ्या’ झाडतो, कोणी छाती धरून हृदयद्रावक मरण मरतो. एवढ्या क्रूर कंपनीतील ही प्रौढ माणसे लहान मुलांच्या खेळाचे नियम प्राणपणाने पाळतात. खेळणारा यात भाग घेतो तेव्हा दुहेरी भान तिहेरी होते: खेळात मी, माझ्यात ऱ्हीस, ऱ्हीसच्या हातात नसलेली बंदूक. कोणीही फसलेला नाही आणि तरीही सर्वजण मरत आहेत. येथे खेळ स्वतःच्या आस्वादाचे तत्त्व दृश्य करून दाखवितो. याच भागात, या प्रसंगाच्या थोडे आधी, स्कूटर खराखुरा मेलेला आहे, हेही विसरता येत नाही. खोट्या मरणाचे हसू त्या खऱ्या मरणाच्या सावलीत उभे राहते. ‘खऱ्या’ हा शब्द अर्थात खेळापुरताच.

शेवटच्या भागात या निवेदनरचनेचे मर्म उघड होते. मुखवट्याआडचा श्रोता हा परका नसून कथेतलाच लोडरबॉट हा यंत्रमानव आहे. गॉर्टिस नावाच्या निरागस यंत्रमुलीला तिच्या मित्रांनीच नष्ट केले. त्यांना ते करावे का लागले, हे त्याला समजून घ्यावयाचे आहे. आपण ज्याला गोष्ट सांगत होतो तो साक्षीदार होता, पीडित होता आणि न्यायाधीशही होता. विनोदी बढाया मारीत केलेले सारे निवेदन ही एक जबानी होती, हे कळताच मागच्या प्रत्येक थट्टेचा अर्थ पालटतो. अमुक पात्र हे लक्षात ठेवील, या सूचनेतला यांत्रिक विनोद येथे पहिल्यांदा गंभीर होतो. श्रोता खरोखरच लक्षात ठेवीत होता.

४

येथवरचे विवेचन एकट्याने केलेल्या आस्वादावर आधारलेले आहे. भिवंडीत पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसमवेत हाच खेळ भिंतीवर प्रक्षेपित करून, आठवड्याला एक भाग याप्रमाणे, सामूहिकपणे खेळून पाहिला तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. त्या वरील मांडणीला पूरक नाहीत, तर अडचणीत आणणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट काळाची. खेळाची भाषा इंग्रजी, तीही अमेरिकी बोलीतल्या कोट्यांनी भरलेली. वर्गातील एकजण वाक्ये मराठीत आणि हिंदीत सांगे, मग मतभेद होत, आणि तोवर रेषा संपलेली असे. आमच्या ऱ्हीसने पहिल्या भागात बहुतेक प्रश्नांना मौनाने उत्तर दिले. प्रारंभी यातून अनपेक्षित विनोद निर्माण झाला. काही वेळाने तो ओसरला. जे मौन मी एकटा असताना निवडीत होतो, ते येथे आमच्यावर लादले गेले होते. खेळाच्या दृष्टीने दोन्ही मौने एकच. आस्वादाच्या दृष्टीने ती परस्परविरुद्ध आहेत. हुंकार वेळेवर यावा लागतो ही मौखिक परंपरेचीही अट आहे, परंतु तेथे कथेकरी श्रोत्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबतो. यंत्र थांबत नाही. विकल्प समोर असणे आणि विकल्पाला अवधी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. केळकरांच्या वाचकाजवळ पुस्तक मिटून विचार करण्याची सवड होती. ती सवड त्याच्या समाधीची अनुल्लेखित पूर्वअट होती, हे या निमित्ताने दिसून येते.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. पहिल्या भागाच्या सुरुवातीला ऱ्हीसची पदोन्नती हुकते. त्याचा प्रतिस्पर्धी व्हास्केझ त्याला अपमानित करण्यासाठी सहायक उपसफाईकामगार म्हणून नेमतो. पदनामाच्या फुगीरपणात विनोद आहे, आणि मी तो प्रथम खेळलो तेव्हा मोकळेपणाने हसलो होतो. वर्गात बहुतेक हसले. काहीजण हसले नाहीत. नंतरच्या चर्चेत त्यांच्यापैकी एका विद्यार्थिनीने विचारले की, या कामावर पाठविणे म्हणजे अपमान, हे ज्याला मान्य नाही त्याने कोणते बटण दाबावे? त्या प्रसंगी ऱ्हीसपुढे येणारी उत्तरे त्याच्या स्वतःच्या मानहानीविषयीची आहेत: मुकाट सोसावे, चिडावे, टोमणा मारावा. सफाईच्या कामाविषयीची तुच्छता ही त्या सर्वांखालची समान जमीन आहे. अमेरिकी संदर्भात ती वर्गीय तुच्छता असेल. आपल्या समाजात या कामाशी जातीचा इतिहास जखडलेला असल्यामुळे तो विनोद येथे येताच दुसराच होतो. जिच्या घरच्यांकडे हा विनोद बोट दाखवितो तिला ‘मी’ आणि ‘तो’ यांच्यातील भेद खेळकरपणे तोलता येत नाही. तिच्यासाठी समाधी लागण्यापूर्वीच मोडलेली असते.

१९६०नंतरच्या दलित साहित्यविचाराने तटस्थ, सार्वत्रिक आस्वादकाची कल्पना प्रश्नांकित केली, हे सर्वज्ञात आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या १९९६मधील ग्रंथाने आनंदाऐवजी अन्य मूल्यांना आस्वादाच्या केंद्रस्थानी आणण्याचा आग्रह धरला. निवडीच्या खेळाने या वादाला एक नवे परिमाण मिळते, असे वाटते. कादंबरीतील विनोद मला खटकला तर मी लेखकाशी असहमत होतो आणि माझी असहमती माझ्याजवळ राहते. खेळात मात्र संहिता मला बोलावयास लावते आणि माझ्या तोंडी कोणते शब्द येऊ शकतात याची यादीही तीच करते. असहमतीला यादीत स्थान नसेल, तर मी गप्प बसावे किंवा माझ्या विरुद्ध बोलावे, एवढेच उरते. विकल्पांची संख्या वाढविल्याने ही अडचण सुटत नाही. कारण प्रश्न संख्येचा नसून विकल्प कोणाच्या अनुभवातून आले याचा आहे.

यावर असे म्हणता येईल की, कोणतीही संहिता सर्व वाचकांची पूर्वकल्पना करू शकत नाही, आणि कॅलिफोर्नियातील लेखकांकडून भिवंडीतील वर्गाचे भान ठेवण्याची अपेक्षा अवास्तव आहे. हे खरे आहे आणि लेखकांना दोष देण्याचा येथे हेतूही नाही. परंतु आस्वादाची उपपत्ती मांडणाऱ्या समीक्षकाला ही सवलत घेता येणार नाही. मी हसलो ते माझ्या समाधीतला ‘मी’ त्या विनोदाच्या सुरक्षित बाजूस उभा होता म्हणून, हे मला वर्गातल्या त्या प्रश्नापूर्वी जाणवलेले नव्हते.

५

तेव्हा निष्कर्ष दुहेरी आहे. निवडीच्या विनोदी खेळाचा आनंद कथानक बदलण्याच्या स्वातंत्र्यात शोधणाऱ्यांची निराशा अटळ आहे. तो आनंद पात्राशी एकरूप होताना उरणाऱ्या भेदात आहे. केळकरांची संकल्पना या नव्या प्रकाराला लागू पडते इतकेच नव्हे, तर तेथे ती अधिक स्पष्ट रूपात दिसते. तथापि, हा भेद उपभोगता येण्यासाठी वाचकाजवळ अवधी असावा लागतो, आणि त्याला स्वतःचा म्हणता येईल असा एखादा तरी विकल्प संहितेत असावा लागतो. या दोन अटी पुस्तकाच्या बाबतीत नजरेआड राहू शकल्या. खेळाने त्या उघड्या पाडल्या.

एक व्यावहारिक बाब अखेरीस नोंदविली पाहिजे. सप्टेंबर २०१८मध्ये ‘टेलटेल गेम्स’चे बहुतेक काम अचानक थांबले. प्रस्तुत खेळ २०१९मध्ये विक्रीतून नाहीसा झाला आणि २०२१मध्ये पुन्हा उपलब्ध झाला. मधल्या काळात ज्यांच्याजवळ तो होता त्यांच्याजवळच तो होता. ग्रंथालयाच्या फडताळात धूळ खात पडून राहण्याचे भाग्य या संहितांना नाही. अशा परिस्थितीत कोणी काय निवडले, कोठे हसले आणि कोठे हसू शकले नाही, याची नोंद ठेवणे हे समीक्षेचे काम ठरते. मुखवट्याआडच्या त्या श्रोत्याप्रमाणे समीक्षकालाही गोष्ट पहिल्यापासून ऐकून घ्यावी लागेल. आमच्या वर्गाच्या नोंदवहीत त्या विद्यार्थिनीचा प्रश्न पहिल्या भागाच्या टिपणात लिहिलेला आहे. त्याच्यापुढची जागा अजून कोरी आहे.